पाय धुवायचं पाणी

शिबिरासाठी मी बेट निवडलं ते रागाच्या भरात.

आमच्या परभणीच्या कॉलेजात दर जानेवारीत श्रमदानाचं शिबिर निघतं. आठवडाभर मुलांनी एखाद्या गावात राहायचं, दिवसा काम करायचं, संध्याकाळी पाहुण्यांची भाषणं ऐकायची. त्यात एक अलिखित नियम होता. मुलं गावात मुक्कामाला राहत आणि मुली संध्याकाळच्या एसटीनं घरी जात, सकाळी पुन्हा येत. म्हणजे पोरींनी दिवसभर माती उचलायची, पोळ्या लाटायच्या आणि शेकोटी पेटून गाणी, नकला सुरू व्हायची वेळ झाली की पिशवी उचलून स्टँड गाठायचं. मी भूगोल शिकवते. शिबिराचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी प्राचार्यांना सांगितलं की यंदा मुलीही मुक्कामी राहतील. ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, एसटीची सोय असताना मुक्काम कशाला?"

मग मी एसटीची सोय नसलेलं गाव शोधायला निघाले.

येलदरी धरणाच्या फुगवट्यात एक टेकडी आहे. धरण झालं तेव्हा खालची गावं उठली, माणसं नव्या गावठाणांत गेली. काही घरांना मात्र उंचावरच्या आपल्या जमिनी सोडवेनात. ती टेकडीवर सरकली आणि पाणी चढलं तशी पाण्यानं वेढली गेली. आता तिथं मोजके उंबरे आहेत, एक मारुती आहे, एका खोलीची शाळा आहे आणि जोंधळ्याची, हरभऱ्याची रानं आहेत. काठावरचे लोक त्याला बेट म्हणतात. बेटावरचे लोक त्याला गाव म्हणतात, आणि कुणी बेट म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

मी पहिल्यांदा गेले ती दिवाळीनंतर. मासे धरणाऱ्या एका माणसानं त्याच्या होडीतून मला पलीकडे नेलं. पुढं सगळी पोरं त्यांना मामा म्हणू लागली, म्हणून मीही मामाच म्हणते. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. टेकडी जवळ आली, घरांची दारं दिसायला लागली आणि होडी थांबली. काठ अजून बराच लांब होता.

"उतरा," मामा म्हणाले. "म्होरं होडी जात न्हाई. गाळ हाय."

चपला हातात घेतल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि उतरले. धरणाचा गाळ म्हणजे काय हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत होते, पण त्यात पाय घातला नव्हता. पाय आत जातो आणि तो परत द्यायची गाळाची अजिबात इच्छा नसते. धापा टाकत काठाला लागले तर तिथं एक बाई भरलेली घागर घेऊन उभ्या होत्या. त्या मामी. काही न विचारता त्यांनी माझ्या पायांवर पाणी ओतलं. आमच्याकडे पाहुण्याला पाय धुवायला पाणी दारात देतात. इथं ते काठावर दिलं जात होतं.

"दारापत्तुर चिखल कशाला न्यायचा?" मामी म्हणाल्या. "हितं समदेच चिखलानं भरून येतेत. सासूबाईच्या काळापसून घागर हितंच."

घरी चहा झाला. चहा घेऊन आलेली त्यांची मुलगी बारावी झालेली होती, चटपटीत. तिचं लग्न ठरत आलेलं होतं आणि तिथंच घोडं अडलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, मुलीला पसंत. पण मुलाचे वडील मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांची एक चप्पल गाळात गेली ती गेलीच. अनवाणी परतताना ते म्हणाले, पोरगी लाखात एक आहे, पण लग्न आमच्या दारात होईल. आमचं वऱ्हाड या चिखलातून येणार नाही.

मला वाटलं, इतकंच ना? कितीतरी लग्नं मुलाच्या दारात होतात. मी तसं बोलूनही दाखवलं. मामांनी कप खाली ठेवला.

"पाणी आल्यापसून ह्या गावात एकबी मांडव पडला न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "समद्या पोरी पल्याड नेऊन उजवल्या. माज्या बहिणीचं लगीन दुसऱ्याच्या खळ्यात झालं. आपल्या पोरीवर अक्षता टाकायच्या आन् उभं ऱ्हायचं दुसऱ्याच्या दारात. मला एकच वाटतंय. ह्या पोरीचा मांडव माज्या दारात पडावा."

मामी मधेच म्हणाल्या, "आमी लई जोर लावल्यावर व्याह्यांनी सांगितलंय, संक्रांतीनंतर एकडाव यीन. पायाला चिखल न लागता तुमच्या दारापत्तुर आलो, तर मांडव तुमचा." आणि त्या हसल्या. व्याही थट्टेनं बोलले होते हे त्यांना कळत होतं. मामांनी मात्र ते शब्द गाठीला बांधून ठेवले होते.

मी परतीच्या होडीत बसले तेव्हा शिबिराचं काम ठरलं होतं, तारखाही ठरल्या होत्या. व्याही यायचे त्याच दिवशी शिबिराचा समारोप. तोवर काठापासून होडीपर्यंत दगडी वाट.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तिथं तर एसटी जात नाही." मी म्हटलं, "म्हणून तर." ते म्हणाले, "मग मुलींना नेऊ नका." मी म्हटलं, "मग मीही जात नाही. शिबिर कोण घेणार त्याची नोटीस लावा." बैठकीतल्या बाकीच्या सरांना एकदम छतावरचा पंखा फार आवडायला लागला. शेवटी सही झाली. लाइफ जॅकेटसाठी मी तहसीलमध्ये जाऊन बसले आणि साहेबांना भेटल्याशिवाय उठणार नाही असं शिपायाला सांगितलं. माझ्याकडे पाहून त्याला ते खरं वाटलं असावं. जॅकेट मिळाली. आमच्या घरी माझ्या स्वभावाला आग्यावेताळ म्हणतात, पण त्या महिन्यात त्याचा उपयोग झाला.

सगळ्यात अवघड गेले ते पालक. पूर्णेकडच्या एका गावातली एक मुलगी होती. गाव कालव्याच्या कडेला, म्हणून वर्गात सगळे तिला कालव्यावरची म्हणत. तिचे वडील कॉलेजात आले, माझ्यासमोर बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. पोरगी त्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी होती.

"पान्यात पोरगी धाडायची म्हंजी..." ते म्हणाले.

"पाण्यावर धाडायची आहे," मी म्हटलं. "पाण्यात नाही."

"तुमच्या जिम्म्यावर धाडतो, मॅडम. पन मधी एक दिवस मी यिऊन बघणार. मला ठीक वाटलं न्हाई तर संगं घिऊन जाणार."

"या," मी म्हटलं. "रिकाम्या हातानं येऊ नका म्हणजे झालं." हे मी थट्टेनं म्हटलं होतं.

संक्रांत झाली आणि आम्ही निघालो. मुलामुलींची गाठोडी, पातेली, पिठाचे डबे, टिकाव, घमेली आणि मी, असं सगळं होड्यांतून पलीकडे गेलं. गाळात उतरायची वेळ आली तेव्हा शहरातल्या दोन मुलांनी नाकं मुरडली. कालव्यावरची सलवार वर खोचून पहिली उतरली आणि डोक्यावर पिठाचा डबा घेऊन काठाला लागली. मामींनी तिच्या पायावर पाणी ओतलं. मग बाकीच्यांना लाज वाटून ते उतरले. शाळेच्या खोलीत मुलींचा मुक्काम, मारुतीच्या ओट्यामागं तंबूत मुलांचा.

काम सोपं वाटत होतं. टेकडीवर दगड हवे तेवढे. मामांनी होडी जिथं टेकते तिथं एक बांबू रोवला आणि म्हणाले, "हितपत्तुर आली की बास." काठापासून बांबूपर्यंत आम्ही माणसांची साखळी केली. वरून दगड यायचा, हातोहात खाली जायचा, पुढचे दोघं तो गाळात बसवायचे. काठाजवळ गाळ उथळ होता, खाली मुरूम लागत होता, त्यामुळं दगड छान बसत होते. मुली साखळीत होत्या, गाणी म्हणत होत्या. बेटावरची माणसं आधी लांबून बघत होती, मग एकेक जण कामाला लागला. नवरी मुलगीही आली. मामींनी तिला दटावलं, "हळदीच्या आदी हात खरवडून घेशील." ती म्हणाली, "आई, माज्याच लग्नाची वाट हाय ना?" आणि घमेलं उचललं.

संध्याकाळी शेकोटी पेटली. मुली शेकोटीजवळ बसल्या आणि कुणालाही पिशवी उचलून कुठं पळायचं नव्हतं. एकीनं माझी अशी काही नक्कल केली की मामीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला इतका आनंद झाला होता की मी तिला पुन्हा करून दाखवायला लावलं.

वाट बांबूजवळ पोचायला आली त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. बेटावर फोनला रेंज फक्त मारुतीच्या ओट्यावर येते. तिथून कालव्यावरची धावत खाली आली.

"पाणी सुटलं," ती म्हणाली. "बाबांचा फोन होता. धरणातनं पाणी सुटलं, कालव्याला येयलंय."

कालव्याखालच्या गावांतली पोरं ताटं सोडून उठली. एकानं दुसऱ्याला उचलून घेतलं. गव्हाला, जोंधळ्याला पाणी हवं होतं. कालव्याच्या पाण्याची पाळी दरवर्षी उशिरा मिळते, यंदा शेतकऱ्यांनी ऑफिसवर जाऊन ती लवकर मागून घेतली होती आणि तिचे वडील त्यांच्यात पुढं होते. माझ्या सासरची जमीन त्याच कालव्याखाली आहे. मीही हसले. मुलांना गूळ वाटा म्हणून सांगितलं.

गूळ वाटता वाटता माझ्या लक्षात आलं की बेटावरचं कुणीच गूळ तोंडात टाकत नाहीये. मामा हातात खडा धरून पाण्यातल्या बांबूकडे बघत होते.

"पाणी सुटलं म्हंजी हितलंच सुटलं की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

येलदरीचं पाणी सिद्धेश्वरात जातं, तिथून कालव्यात. हे मी परीक्षेत विचारते, मुलं उत्तर लिहितात, मी गुण देते. आणि आम्ही सगळे त्या पाण्याच्या काठावर बसून, ते आपल्या शेताकडे निघालं म्हणून गूळ खात होतो. मामांनाही ते इतक्यात सुटेल असं वाटलं नव्हतं. दरवर्षी पाळी सुटते त्या बेतानं त्यांनी बांबू रोवला होता. पण कालव्याखालच्या पोरांना पाणी म्हणजे कुठून तरी येणारी गोष्ट. ते कुठून तरी जातही असतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या सकाळी बांबू कोरडा उभा होता. उतार इतका सपाट की पाणी बोटभर उतरलं तरी काठ लांब पळतो. बांबूच्या पुढं नुसता काळा, ओला, लकाकणारा गाळ आणि त्यापलीकडे पाणी. त्या गाळात आम्ही दगड टाकला. दगड गेला. त्याच्यावर दुसरा टाकला. तोही गेला. एक मुलगा मांडीपर्यंत रुतला, त्याला दोर लावून ओढून काढावं लागलं.

"आता काय," तो चिखल झटकत म्हणाला, "पाण्याच्या मागं पळत बसायचं का?"

माझा पारा चढला. "हो," मी म्हटलं. "पळायचं. ज्याला पळायचं नसेल त्यानं होडीत बसावं, मामा सोडतील पलीकडे." कुणी उठलं नाही, पण कुणी कामालाही हलेना. मामी घागर घेऊन काठावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाण्यावर नका चिडू. ते हटलं की आमाला जमीन मिळती. गाळात काकडी, खरबूज लावतो आमी. ते त्याच्या कायद्यानं चालतंय." आणि मग हळूच म्हणाल्या, "ह्यांचं तेवढं वाईट वाटायलंय."

मामा होडीत जाऊन बसले होते आणि उगाच जाळ्याच्या गाठी तपासत होते. व्याही यायला थोडेच दिवस उरले होते. त्या माणसानं आमच्याकडे एका शब्दानं तक्रार केली नाही आणि त्यामुळंच मला बघवत नव्हतं.

जेवणंही धड झाली नाहीत. कालव्यावरचीनं अचानक भाकरी खाली ठेवली.

"मॅडम, रानात ट्रॅक्टर रुतला की काय करतेत?"

"काय?"

"पऱ्हाटी टाकतेत. चाकाखाली."

सगळी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कपाशी वेचून झाली की रानात उरलेल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर त्यांची गंजी लावतात. चुलीला होतात. आणि काळ्या मातीत गाडी रुतली की त्याच चाकाखाली घालतात. हे तिथल्या प्रत्येकाच्या घरी, प्रत्येकानं स्वतःच्या हातांनी केलेलं होतं. पण शिबिरात आलं की ही मुलं स्वतःला शेतकऱ्याची मुलं समजत नाहीत, स्वयंसेवक समजतात. शिबिराची टोपी घातली की घरचं सगळं विसरतात.

बेटावर कपाशी नव्हती. तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, होत्या तेवढ्या टाकून पाहिल्या. तुराट्यांच्या जाड थरावर दगड ठेवला, दगड थांबला. पण तुराट्या लगेच संपल्या.

कालव्यावरची मारुतीच्या ओट्याकडे निघाली. मी मागोमाग गेले. तिनं वडिलांना फोन लावला.

"बाबा, शेतात पाणी पोचलं का? ... पोचलं ना? मग ऐका. ते हितनं आलंय. आमच्या म्होरचं पाणी उचलून तुमच्याकडं आलंय. ... न्हाई, मी ठीक हाय. पऱ्हाट्या पाठवा. ... आपली गंजी. समदी. काकाची पण मागा. ... चुलीचं बघू. आईला सांगा मी सांगितलंय म्हणून."

पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही. तिनं फोन ठेवला आणि ओठ चावत म्हणाली, "काहीच बोलले न्हाईत. फोन कट केला. आता न्यायला येतेत मला."

ती घरी गेली तर तिच्या मागोमाग बाकीच्या पोरींचेही बाप येतील, हे मला पक्कं कळत होतं. पुढच्या वर्षी पुन्हा संध्याकाळची एसटी. तरीही मला तिचा अभिमान वाटत होता आणि मी तिला तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली आणि पलीकडच्या काठावर दोन टेम्पो येऊन थांबले. दोन्ही इतके भरलेले की टेम्पो कमी आणि पऱ्हाट्याच जास्त दिसत होत्या. मामांची होडी गेली, मागोमाग दुसऱ्या होड्या गेल्या. पहिल्या होडीतल्या मोळ्यांवर कालव्यावरचीचे वडील बसलेले होते. डोक्यावर टोपी, मांडीवर दोराचं वेटोळं, मागं शेजारचे गडी.

ते गाळात उतरले, चालत काठाला आले. मामींनी पायांवर पाणी ओतलं. ते लेकीकडे वळले.

"जेवलीस का?"

"व्हय."

मग ते माझ्याकडे वळले. "पोरीला न्यायला आलतो, मॅडम. तुमी म्हणलावता रिकाम्या हातानं यिऊ नका, म्हनून हे आणलं." त्यांनी गाळाकडे नजर टाकली, मांडीपर्यंत धोतर खोचलं आणि म्हणाले, "आता आलोच हाय तर एवढं टाकून जावं म्हनतो." ते समारोपापर्यंत गेले नाहीत.

त्यानंतर काम असं झालं की मी शिबिरात तसं कधी पाहिलं नव्हतं. पऱ्हाट्यांच्या मोळ्या आवळून बांधायच्या, आडव्या एकमेकींना लगटून टाकायच्या, वर मुरूम, त्यावर सपाट दगड. पाणी रोज पुढं पळत होतं, आम्ही रोज त्याच्या मागं जात होतो. मग मामा आणि कालव्यावरचीचे वडील यांनी बसून एक तोड काढली. वाटेचं शेवटचं टोक दगडाचं करायचंच नाही. नुसत्या मोळ्या दोरांनी एकमेकींना बांधून सोडायच्या, म्हणजे पाणी हटलं की चार जणांनी दोर धरून ते टोक पुढं ओढायचं, पाणी चढलं की मागं घ्यायचं. पोरांनी त्याला शेपूट नाव ठेवलं. सकाळी चहाच्या आधी शेपूट ओढायचं, हा नेम झाला. मामांच्या तोंडून मी पहिल्यांदा गाणं ऐकलं ते शेपूट ओढताना.

व्याही आले त्या सकाळीही पाणी हटलेलं होतं. शेपूट ओढून झालं, नवरी मुलगी दोराला शेवटची गाठ मारून घरात पळाली. आम्ही सगळे अंगणापासून काठापर्यंत उभे.

होडीत व्याही, त्यांचे धाकटे भाऊ आणि एक म्हातारी आत्या. व्याह्यांचे कपडे परीटघडीचे, पायात नव्या कोऱ्या चपला. मामा वल्हवत होते, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. होडी थांबताच व्याह्यांनी मागची खेप आठवून वाकून चपला काढल्या आणि पायजमा वर गुंडाळायला घेतला.

"ऱ्हाऊ द्या पायात," मामा म्हणाले.

व्याह्यांनी मान वर केली. शेपूट पाहिलं, त्यापुढची दगडी वाट पाहिली, वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली पोरं-पोरी पाहिली. चपला परत पायात घातल्या आणि पहिलं पाऊल टाकलं. मोळ्या करकरल्या. दुसरं पाऊल. मोळी थोडी खचली आणि काड्यांमधून पाणी वर आलं, त्यांच्या टाचेला लागलं. ते थांबले. व्याही वाकून आपल्या टाचेकडे बघत राहिले.

मागून आत्याबाई म्हणाल्या, "पाणीच हाय की रे. चिखल कुठं हाय?"

व्याह्यांनी बोट लावून पाहिलं. "पाणीच हाय," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले. मुरमावर आले, दगडावर आले, दगडावर पाय आपटून पाहिला. दगड हलला नाही.

मामी काठावर नेहमीच्या जागी घागर घेऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांची सवय. व्याही समोर येऊन थांबले. मामींनी घागर वाकवली आणि त्यांचा हात तसाच थांबला. व्याह्यांच्या पायाला धुण्यासारखं काही नव्हतं. चपला कोऱ्या होत्या. मामी त्या पायांकडे बघत राहिल्या, मग त्यांनी घागर सरळ केली आणि कमरेवर घेतली.

"हितं न्हाई," त्या म्हणाल्या. "दारात या. पाणी दारात देते."

आणि त्या पुढं निघाल्या. घागर कमरेवर, मान ताठ, मागं व्याही, त्यांच्या मागं आत्याबाई, मामा आणि आम्ही सगळे. टेकडी चढून त्या आपल्या उंबऱ्याशी थांबल्या आणि तिथं त्यांनी पाणी ओतलं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. कालव्यावरची माझा हात धरून उभी होती, तिचेही डोळे भरले होते.

व्याह्यांनी पाय पुसले, अंगणात उभे राहून इकडून तिकडं, पार कडेच्या कडुलिंबापर्यंत नजर फिरवली. मामा कोपऱ्यात उभे होते, मांडवाचं काढायची त्यांना हिंमत होत नव्हती.

"अंगण तसं ल्हान हाय," व्याही म्हणाले. "मांडव त्या लिंबापत्तुर घ्यावा लागंल."

मामांनी नुसती मान हलवली. मग पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणाला काही ऐकू येईनासं झालं.

परत आल्यावर प्राचार्यांनी विचारलं, मुलींचा काही त्रास? मी म्हटलं, फार त्रास झाला, पुढच्या वर्षी निम्म्याहून जास्त मुलीच येणार आहेत. ते हसले. त्यानंतर मुली दर वर्षी मुक्कामाला राहतात आणि संध्याकाळच्या एसटीचं कुणी नाव काढत नाही. कालव्यावरचीचे वडील आता दुसऱ्या पालकांना फोन करून सांगतात, धाडा पोरीला, काही होत न्हाई.

लग्न फाल्गुनात धरलं, पाणी फार खाली जायच्या आत. आम्ही सगळे गेलो. पऱ्हाट्यांची वाट आणखी लांबली होती, बेटावरच्यांनी आणि काठावरच्या गावानं मिळून ती वाढवली होती आणि शेपटाला झेंडूचं तोरण बांधलं होतं. माझ्या पुढं वऱ्हाडातल्या बाया नव्या चपला वाजवत चालल्या होत्या. काठावर मी सवयीनं थांबले. तिथं कुणी नव्हतं, घागरही नव्हती.

मांडव लिंबापर्यंत गेला होता. मामी नवं लुगडं नेसून उंबऱ्याशी उभ्या होत्या आणि एकेकाच्या पायावर पाणी घालत होत्या. मी पुढं झाले तसं त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"तुमच्या पायाला काईच लागलं न्हाई की, मॅडम," त्या म्हणाल्या.

"तरी घाला," मी म्हटलं आणि चपला काढून दोन्ही पाय पुढं केले.